रुमालाने फवारणीची विषबाधा थांबणार नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पऱ्हाटी (कपाशी) कमरेच्या वर गेली की दरवर्षी वर्तमानपत्रांत एक चौकट हमखास येते. तोंडाला रुमाल बांधा, वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका, विडी-तंबाखू टाळा, काम झाल्यावर आंघोळ करा. यातले काहीच चूक नाही. पण ती वाचून फवारायला गेलेल्या माणसाचा समज असा होतो की विष नाकातोंडातून जाते आणि नाकतोंड झाकले की निम्मे काम झाले. पाठीवरच्या पंपाने फवारणाऱ्याच्या अंगात जाणारे बहुतेक विष कातडीतून जाते. नॉझलमधून निघणारे बहुतांश थेंब फुप्फुसात खोल शिरण्याइतके बारीक नसतात. ते अंगावर बसतात, कपडा भिजवतात आणि तो भिजलेला कपडा संध्याकाळपर्यंत अंगाला चिकटून राहतो. सगळा बंदोबस्त या हिशेबाने करायला हवा. तो तसा होत नाही, म्हणून हे पत्र.

अंगावरची कातडीही सगळीकडे सारखी नसते. पॅराथिऑन या ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाची माणसांवर जी जुनी मोजणी झाली आहे, तिच्यात कोपरापासून मनगटापर्यंतच्या कातडीतून जितके विष आत गेले त्याच्या दुप्पट पोटावरून, सुमारे चौपट कपाळावरून व डोक्यावरून, सातपट काखेतून आणि जवळजवळ बारा पट अंडकोषाच्या कातडीतून गेले. आता गळका पंप पाठीवर असेल तर पाणी कुठे उतरते ते पाहा. पाठीवरून कमरेला, कमरेवरून जांघेत. औषध लागलेल्या हाताने लघवीला जाणारा माणूस तेच विष तिथे नेऊन लावतो. म्हणून हात साबणाने धुवायचे ते जेवणाआधी आणि लघवीच्याही आधी. ही दुसरी सूचना कोणत्याच चौकटीत दिसत नाही, बहुधा संकोचामुळे. रुमाल यात कुठेच कामाला येत नाही. तुषारांनी ओला झालेला रुमाल किंवा दुपट्टा म्हणजे तर ओठांवर आणि गालांवर दिवसभर धरून ठेवलेली विषाची पट्टीच.

२०१७ च्या जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत यवतमाळ जिल्ह्यात विसाहून अधिक शेतकरी-शेतमजूर फवारणीच्या विषबाधेने दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. विशेष चौकशी पथक नेमले गेले. प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रीनचे तयार मिश्रण, फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रीडचे तयार मिश्रण, ॲसिफेट, डायफेन्थिऑरॉन आणि मोनोक्रोटोफॉस या पाच उत्पादनांवर पश्चिम विदर्भातील जिल्ह्यांत ६० दिवसांची बंदी आली. त्या हंगामात पऱ्हाटी माणसाच्या उंचीची आणि काही ठिकाणी त्याहून उंच झाली होती. रसशोषक किडी आणि गुलाबी बोंडअळी यांचा जोर एकाच हंगामात होता. दाटलेल्या ओळींत वारा नाही, वर ऊन, खाली ओल. लान्स (नॉझल लावलेली फवारणीची दांडी) खांद्याच्या वर धरून फवारायचे म्हणजे थेंब डोक्यावर, कपाळावर आणि मानेवर पडणारच. तेव्हा बराच दोष ‘निष्काळजी’ शेतकऱ्यावर ढकलला गेला. निष्काळजीपणा असतोही. पण शेतात नेमके काय घडते ते बारकाईने पाहिले तर दोष पंपात, मापात, दुकानातल्या सल्ल्यात आणि मजुरीच्या पद्धतीतही सापडतो.

सगळ्यांत घातक वेळ फवारणीची नाही, औषध पाण्यात कालवण्याची. प्रोफेनोफॉस ५० टक्के प्रवाही घ्या. त्याच्या एका मिलीलिटरमध्ये अर्धा ग्रॅम विष असते. १० लिटर पाण्याला २० मिली या नेहमीच्या मात्रेने तयार फवाऱ्याच्या एका लिटरमध्ये एक ग्रॅम येते. म्हणजे बाटलीतले ५ मिली हातावर सांडले तर अडीच लिटर फवारा हातावर ओतून घेतल्यासारखे झाले. त्यात हे प्रवाही औषध सेंद्रिय द्रावकात विरघळवलेले असते आणि तो द्रावक कातडीतून आत जायला मदतच करतो. तरीही आपल्याकडे बाटलीचे सील दाताने किंवा अंगठ्याच्या नखाने फोडतात, टोपणाने मोजतात, बादलीत हात घालून ढवळतात. ढवळणारा हात कोपरापर्यंत ओला झालेला असतो आणि दिवसाची पहिली टाकी अजून पाठीवर चढलेली नसते.

कालवण्याची रीत साधी आहे. कोपरापर्यंतचे नायट्राइल रबरी हातमोजे घालावेत. दवाखान्यातले पातळ मोजे द्रावकासमोर टिकत नाहीत आणि कापडी मोजे विष शोषून धरतात. छातीपासून गुडघ्यापर्यंत प्लास्टिकचा एप्रन, डोळ्यांवर चष्मा. सील चाकूने कापावे आणि तो चाकू याच कामाला ठेवावा. बादली जमिनीवर स्थिर ठेवून वारा समोरून आपल्या तोंडावर येत नाही ना ते पाहावे, कालवणी हाताभर लांबीच्या काठीने करावी. पंपात आधी अर्धे पाणी, मग कालवलेले औषध, मग उरलेले पाणी. १६ लिटरची टाकी काठोकाठ भरू नये. १४ लिटरवर थांबले तर चालताना झाकणातून पाणी उसळत नाही. त्या मानाने औषधही कमी घालायचे, हे विसरू नये. मोजे काढण्याआधी हातात असतानाच साबणाने धुवावेत, नाहीतर काढताना दुसऱ्या हाताला लागते.

मापाचा घोटाळा वेगळाच आहे. इमिडाक्लोप्रीड १७.८ टक्के याची शिफारस १० लिटरला २.५ मिली, म्हणजे १६ लिटरच्या टाकीला ४ मिली. टोपणात वीस मिली मावत असेल तर ‘एक टोपण एक पंप’ या हिशेबात पाचपट औषध गेले. प्रोफेनोफॉसला मात्र त्याच टाकीत ३२ मिली लागते, म्हणजे तिथे तेच टोपण कमी पडते आणि ‘औषधच लागू पडत नाही’ म्हणून पुढच्या वेळी दुसरी बाटली जोडीला येते. प्रत्येक उत्पादनाचे माप निराळे असताना टोपण एकच, ही पद्धत मोडायला १० रुपयांची सुई नसलेली पिचकारी किंवा खुणा केलेला प्लास्टिकचा मोजपेला पुरतो. तो बाटलीबरोबर देण्याची सक्ती विक्रेत्यांवर असायला हवी.

आणखी एक घोळ शिफारशीच्या भाषेतून होतो. विद्यापीठांच्या सल्ल्यात मात्रा दिल्यावर ‘पॉवर पंपासाठी औषधाची मात्रा तिप्पट करावी’ असे वाक्य असते. ते हवेच्या झोताने फवारणाऱ्या पेट्रोलच्या पंपासाठी आहे. त्याला एकरी पाणी सुमारे एक तृतीयांश लागते, म्हणून दर लिटरमागे औषध तिप्पट झाले तरी एकरी औषध तेवढेच राहते. आता गावोगाव चार्जिंगचे पंप आले आहेत. त्यांत बॅटरी फक्त दाब देते. नॉझल आणि पाणी साध्या हातपंपासारखेच, वाढलेल्या पऱ्हाटीला एकरी २०० लिटर म्हणजे १६ लिटरच्या बारा-तेरा टाक्या. शेतकरी त्याला पॉवर पंपच म्हणतो आणि तिप्पट औषध घालतो. मग एकरात तिप्पट विष जाते आणि फवारणाऱ्याच्या अंगावर बसणारा प्रत्येक थेंबही तिप्पट तीव्र असतो. कृषी विद्यापीठांनी हे वाक्य बदलून ‘हवेच्या झोताचा पेट्रोल पंप’ असे स्पष्ट लिहावे आणि चार्जिंगच्या पंपाला साधीच मात्रा असे त्याच ओळीत छापावे. खर्च शून्य.

मिश्रणांबद्दल. एकाच फेरीत मावा-तुडतुड्यांचे, अळीचे, बुरशीचे, वाढीचे आणि वर १९:१९:१९ खत, अशी पाच-पाच गोष्टींची टाकी दुकानदार बांधून देतो. मजुरी वाचते, म्हणून शेतकऱ्यालाही ते पटते. यात दोन अडचणी आहेत. प्रोफेनोफॉस, ॲसिफेट, मोनोक्रोटोफॉस अशी दोन ऑर्गॅनोफॉस्फेट एकत्र आली तर त्यांचा परिणाम बेरजेने वाढतो. ऑर्गॅनोफॉस्फेट आणि सायपरमेथ्रीन एकत्र आले तर सायपरमेथ्रीन मोडून काढणारी शरीरातली विकरेच (एन्झाइम) पहिले औषध अडवून ठेवते. किडीवर हे मिश्रण जोरदार चालते ते याच कारणाने, आणि माणसाचे शरीर त्याला अपवाद नाही. दुसरी अडचण यांत्रिक. पावडर आणि प्रवाही औषध कसेही एकत्र ओतले की गाठी होतात, दही फाटल्यासारखा थर बसतो, नॉझल तुंबते. तुंबलेले नॉझल माणूस तोंडात धरून फुंकतो. ओठ आणि तोंडाच्या आतली कातडी फार पातळ असते. खिशात दात घासायचा जुना ब्रश आणि एक जादा नॉझल ठेवले की हा प्रसंगच येत नाही.

मिश्रण करायचेच तर लेबलवर त्याला परवानगी आहे का ते आधी पाहावे. मग काचेच्या बरणीत अर्धा लिटर पाणी घेऊन त्याच प्रमाणात थोडे करून अर्धा तास ठेवावे. गाठी, थर, तेलाचा तवंग किंवा बरणी गरम झाल्यास ते टाकीत घालू नये. क्रम असा: आधी पाण्यात मिसळणारी पावडर व दाणेदार औषध, मग दाट द्रव, मग प्रवाही, शेवटी पाण्यात पूर्ण विरघळणारे द्रव आणि चिकटद्रव्य. लेबलवरचा रंगीत त्रिकोण एका बाटलीचा असतो, चार बाटल्यांच्या टाकीचा नाही. लाल सर्वाधिक विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असे नव्हे.

पंप. हंगामापूर्वी एकदा आणि मग दर दोन-चार दिवसांनी साधे पाणी भरून दाब द्यावा आणि पंप कोरड्या कागदावर ठेवून पाच मिनिटे पाहावे. गळती बहुधा ठरलेल्या जागी असते: झाकणाचा वायसर, हातपंपाच्या दांड्याजवळचे पॅकिंग, नळी आणि लान्सच्या सांध्यावरची क्लिप, हातातला ट्रिगर. ट्रिगर गळत असेल तर उजव्या हाताचा तळवा आणि मनगट दिवसभर भिजते. हातमोजा असेल तर पाणी आत जाऊन साठते, ते अधिकच वाईट. वायसर आणि पॅकिंग तालुक्याच्या दुकानात चहाच्या किमतीत मिळतात. कीटकनाशकाला पोकळ शंकूचे नॉझल वापरावे. तणनाशकाचा पंप वेगळा हवा, नाहीतर पऱ्हाटीच जळते.

चालायचे कसे याचा सल्ला ‘वाऱ्याच्या दिशेने’ एवढ्यावर संपतो आणि तो नीट कळतही नाही. वारा पश्चिमेकडून येत असेल तर पूर्वेच्या धुऱ्यापासून (बांधापासून) सुरू करावे. ओळी उत्तर-दक्षिण असतील तर ओळीने चालताना लान्स पूर्वेकडे धरावी आणि प्रत्येक फेरीला एक ओळ पश्चिमेकडे सरकावे. म्हणजे आपण कायम न फवारलेल्या, कोरड्या झाडांत असतो. ओळी पूर्व-पश्चिम असतील तर वाऱ्याकडे तोंड करून चालावे आणि लान्स मागे, बाजूला धरावी. लान्स पुढे धरून फवारत चालणे हीच सर्वत्र दिसणारी सवय, आणि तिच्यात माणूस नुकत्याच ओल्या केलेल्या झाडांत शिरत जातो. मांड्या भिजतात त्या यामुळे. पहाटे हवा अगदी निपचित असतानाही फवारू नये, तुषार खालीच रेंगाळतात. झुळूक हवी, सोसाटा नको. पऱ्हाटी खांद्याच्या वर गेली असेल तर पाठीवरच्या पंपाने फवारणे बंदच करावे असे माझे स्पष्ट मत आहे. शेंडे वेळीच खुडले तर ही वेळ येत नाही.

मोफत वाटलेल्या ‘सुरक्षा किट’बद्दल लिहिलेच पाहिजे. प्लास्टिकसारख्या कापडाचा बंद झगा ऑक्टोबरच्या उन्हात २० किलो वजन पाठीवर घेऊन घालता येत नाही. अर्ध्या तासात माणूस आतून घामाने भिजतो, आणि गरम, ओल्या कातडीतून विष जास्त शिरते. झगा गोठ्यातल्या खुंटीला टांगलेला राहतो, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यापेक्षा चालणारी व्यवस्था अशी: जाड सुती पूर्ण बाह्यांचा सदरा, पूर्ण पँट, पंप आणि पाठ यांच्यामध्ये कमरेखालपर्यंत येणारा स्वच्छ नवा प्लास्टिकचा तुकडा, गमबूट आणि पँट बुटाच्या बाहेर, कडा असलेली टोपी. लान्स वर धरायची असेल तर सदऱ्याची बाही मोज्याच्या आत आणि मोज्याची कड उलटी दुमडलेली, म्हणजे ओघळ तिथे अडतो. खाली फवारायचे असेल तर बाही मोज्याच्या बाहेर. एक धुतलेला कपड्यांचा जोड बांधावर न्यावा. अंगावरचा जोड ओला झाला की टाकी संपण्याची वाट न बघता बदलावा. या एका जोडाने खुंटीवरच्या झग्यापेक्षा जास्त संरक्षण मिळते. मास्क घ्यायचा तर कोळशाच्या काडतुसाचा, सेंद्रिय वाफांसाठीचा तपकिरी पट्टा असलेला. कालवताना आणि पेट्रोलचा पंप चालवताना तो उपयोगी आहे. वास यायला लागला की काडतूस बदलायचे.

मजुराची गोष्ट शेतमालकापेक्षा वेगळी आहे. तो टाकीमागे पैसे घेतो, गुत्त्याने फवारतो, आज या शेतात, उद्या त्या शेतात. कपडे बदलायला लागणारी दहा मिनिटे म्हणजे त्याची एक टाकी. ऑर्गॅनोफॉस्फेट रक्तातल्या कोलिनेस्टरेज या विकराला बांधून टाकतात. लाल पेशीतले हे विकर भरून यायला वेळ लागतो, दिवसाला साधारण एक टक्का. म्हणून सलग आठवडाभर फवारणारा माणूस सोमवारी, मंगळवारी, बुधवारी ठणठणीत असतो आणि शनिवारी नेहमीपेक्षा कमी औषध लागूनही कोसळतो. ‘इतके दिवस काही झाले नाही’ हा युक्तिवाद इथे लागू होत नाही. उलट ते दिवसच साठत आलेले असतात. कीटकनाशक नियम, १९७१ मध्ये फवारणीच्या कामावरच्या माणसांची वैद्यकीय तपासणी आणि औषध ऑर्गॅनोफॉस्फेट वा कार्बामेट गटातले असल्यास कोलिनेस्टरेजची मोजणी सांगितलेली आहे. कॅलिफोर्नियात १९७४ पासून शेतमजुरांसाठी अशी तपासणी आहे. तिथे लाल पेशीतले विकर मूळ पातळीच्या ७० टक्क्यांवर आले की त्या माणसाला फवारणीवरून काढतात आणि ८० टक्क्यांवर येईपर्यंत परत घेत नाहीत. कपाशीच्या तालुक्यांत जूनमध्ये, हंगामाआधी, फवारणी करणाऱ्या मजुरांची एक चाचणी घेऊन आकडा कार्डावर लिहून दिला तर सप्टेंबरमध्ये डॉक्टरला तुलना करायला काहीतरी असेल. मूळ आकड्याशिवाय या चाचणीचा अर्थ लावणे कठीण जाते.

लक्षणे. लाळ, डोळ्यांतून पाणी, घाम, मळमळ, पोटात कळ, अंधुक दिसणे, पापणी किंवा दंडाचे स्नायू आपोआप उडणे, छातीत घरघर. ऊन लागल्यानेही घाम येतो, चक्कर येते, म्हणून ‘ऊन लागले’ म्हणत झाडाखाली निजवतात आणि तास वाया जातो. अशा वेळी डोळे पाहावेत. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक झाल्या असतील आणि तोंडाला लाळ सुटली असेल तर ते ऊन नाही. ऊन लागलेल्याचे तोंड कोरडे असते. मात्र बाहुल्या नेहमीसारख्या दिसल्या म्हणून निश्चिंत होऊ नये, सगळी कीटकनाशके या गटातली नसतात.

पहिले काम कपडे काढणे. सगळे, चड्डीसह. मग भरपूर साध्या पाण्याने आणि साबणाने अंग, केस, कानामागे, नखे, काख, जांघ. गरम पाणी नको, घासघासून धुणे नको. धुणाऱ्याने हातमोजे घालावेत. डोळ्यांत गेले असेल तर १५ मिनिटे पाण्याची धार. ओकारी काढू नये, प्रवाही औषधातला द्रावक फुप्फुसात गेला तर दुसरे संकट उभे राहते. दूध, तूप, तेल, मिठाचे पाणी काहीही पाजू नये. डाव्या कुशीवर निजवून १०८ ला फोन करावा. सोबत बाटली न्यावी. टाकीत चार औषधे असतील तर चारही बाटल्या. ॲट्रोपिन आणि पॅम (प्रॅलिडॉक्सिम) ही ऑर्गॅनोफॉस्फेटच्या विषबाधेवरची औषधे. सायपरमेथ्रीनसारख्या पायरेथ्रॉइडला किंवा इमिडाक्लोप्रीडला ती उतारा नाहीत, आणि पॅराक्वाट या तणनाशकाला तर उताराच नाही. डॉक्टरला नाव न कळणे म्हणजे अंधारात उपचार. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा क्रमांक प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर हवा.

डॉक्टरांनाही एक विनंती. ऑर्गॅनोफॉस्फेटच्या रुग्णाला बरे वाटू लागल्यानंतर, विषबाधेपासून २४ ते ९६ तासांत, मान आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात. रुग्ण उशीवरून मान उचलू शकतो का, हे या काळात पुन्हा पुन्हा पाहावे लागते. खाटा कमी म्हणून दुसऱ्या दिवशी घरी धाडलेला माणूस गावात, दवाखान्यापासून ४० किलोमीटरवर, श्वास अडून जाऊ शकतो.

बायकांचे नाव या यादीत फारसे येत नाही. फवारणीच्या दुसऱ्याच दिवशी निंदणाला किंवा वेचणीला त्याच शेतात जाणाऱ्या बायकांचे हात, पोटऱ्या आणि पदर त्याच पानांना घासतात. आपल्या बहुतेक लेबलांवर काढणीपूर्वीचा काळ असतो, शेतात परत केव्हा जायचे हे नसते. लेबलवर जास्त लिहिले नसेल तर निदान ४८ तास जाऊ नये. नवऱ्याचे फवारणीचे कपडेही त्याच धुतात, बहुधा घरच्या सगळ्या धुण्यात. ते वेगळ्या बादलीत, मोजे घालून, आधी नुसत्या पाण्याने खंगाळून, मग साबणाने धुवावेत, उन्हात वाळवावेत आणि बादली त्याच कामाला ठेवावी.

रिकाम्या डब्यांविषयी थोडक्यात. चतुर्थांश पाणी भरून अर्धा मिनिट हलवावे आणि ते पाणी पंपातच ओतावे, असे तीनदा, मग डब्याला भोके पाडावीत. नियमांत डबे मोडून वस्तीपासून दूर पुरण्यास सांगितले आहे. जाळू नयेत, घरात तर आणूच नयेत. बिहारमध्ये सारण जिल्ह्यातील गंडामन गावी जुलै २०१३ मध्ये शाळेच्या जेवणातून २३ मुले गेली, अन्नात मोनोक्रोटोफॉस सापडले होते. धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या माणसे झोपतात त्या खोलीत कधीच वापरू नयेत. दमट हवेत त्यातून फॉस्फिन वायू सुटतो आणि त्यालाही उतारा नाही.

फवारण्या कमी झाल्या तर हे सगळेच कमी होईल. हेक्टरी पाच कामगंध सापळे लावून सलग तीन रात्री दर रात्री सापळ्यामागे आठ पतंग आले, किंवा दहा टक्के फुले-बोंडे लागलेली दिसली, तरच गुलाबी बोंडअळीसाठी फवारणी. डोमकळ्या (अळी लागल्याने न उमलता गुंडाळलेली फुले) दिसतील तशा वेचून नष्ट कराव्यात. सुरुवातीच्या रसशोषक किडींना पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे १०० लिटर पाण्याला पाच किलो निंबोळी. दुकानदाराला यात काही मिळत नाही, म्हणून हा सल्ला दुकानात मिळत नाही.

नुकसानभरपाईचा मुद्दा धोरणाचा आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेत कीटकनाशक हाताळताना झालेली विषबाधा येते, परंतु लाभ सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एका सदस्याला. गुत्त्याने फवारणारा भूमिहीन मजूर, ज्याच्या अंगावर हंगामात सर्वाधिक टाक्या रिकाम्या होतात, तो या योजनेत नाही. त्याला त्यात घेण्यासाठी सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीच्या कृषी सहायकाकडे) हंगामापुरती नोंदणी पुरेशी आहे. ज्या कार्डावर जूनमधला कोलिनेस्टरेजचा आकडा लिहायचा, तेच कार्ड नोंदणीचा पुरावा होईल.

आपल्या वृत्तपत्राकडे एक मागणी. फवारणीच्या विषबाधेची बातमी येते तेव्हा ‘विषारी औषध फवारताना’ एवढेच छापले जाते. रसायनाचे नाव, त्याची टक्केवारी, टाकीत आणखी काय होते, पंप हाताचा, चार्जिंगचा की पेट्रोलचा, पिकाची उंची किती, माणूस सलग किती दिवस फवारत होता आणि दवाखान्यात पोचायला किती वेळ लागला, या सात गोष्टी बातमीदाराने विचारून छापाव्यात. कीटकनाशक कायदा, १९६८ च्या कलम २६ खाली राज्य सरकार विषबाधेची माहिती कळवणे बंधनकारक करू शकते. ती माहिती कोणत्या स्वरूपात गोळा होते हेही आपल्या प्रतिनिधीने जिल्हा कृषी अधीक्षक कार्यालयात जाऊन विचारावे.

आपला,
एक निवृत्त कृषी विस्तार अधिकारी, यवतमाळ